जुने मेक्सिकन रडके पिक्चर कोणी बघितलेत का? आजीसोबत पुढचा कुठला लावू?

गोदाकाठचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे जुन्या पिक्चरवाले बरेच जण आहेत म्हणून टाकतोय. मी सातपूरला कंपनीत आहे, सेकंड शिफ्ट करून घरी आलो की लवकर झोप लागत नाही, मग काहीतरी बघत बसतो. परवा असाच 'मारिया कांदेलारिया' नावाचा मेक्सिकन पिक्चर लावला, १९४४ ला लागलेला, ब्लॅक अँड व्हाइट. कारण एवढंच की कुठंतरी वाचलं होतं, १९४६ ला फ्रान्समधल्या कान शहरातल्या फिल्म महोत्सवात अकरा पिक्चरांना मिळून सगळ्यात मोठं बक्षीस दिलं त्यात आपल्या चेतन आनंदचा 'नीचा नगर' होता आणि हा पण होता. म्हटलं आपल्या मांडीला मांडी लावून कोण बसलं होतं ते तरी बघू.

आजी जागीच होती, ती पण येऊन बसली. सबटायटल पाच-सहा सेकंद मागून चाललेले, आणि तसंही आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून मी मधेमधे सांगत होतो, तर थोड्या वेळानं म्हणाली गप बस, कळतंय मला. आणि खरंच कळत होतं राव. सोचिमिल्को म्हणून ठिकाण आहे, मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला, सगळीकडे पाण्याचे पाट आणि मधेमधे फुलांचे वाफे, नावाचा अर्थच म्हणे फुलांचं शेत (आपलं नाशिक एकेकाळी गुलशनाबाद होतं तसलंच काहीतरी). तिथं मारिया होडीत फुलं भरून विकायला निघते आणि गावातले लोक होड्या आडव्या घालून तिला पुढं जाऊ देत नाहीत, का तर तिची आई वाईट चालीची होती म्हणून. आजीचं माहेर मखमलाबादचं, लहानपणी तिनं झेंडू-शेवंतीच्या पाट्या डोक्यावर घेऊन पंचवटीपर्यंत पायपीट केलेली आहे. ती एकदम म्हणाली, "वाळीत टाकलंय पोरीला." मी दहा मिनिटं जे समजावत होतो ते तिनं दोन शब्दांत संपवलं.

पुढं मारिया आणि तिचा होणारा नवरा एक डुकरीण पाळतात, ती मोठी झाली की तिच्यावर लग्नाचा खर्च निघणार असा हिशोब, आणि ज्या दुकानदाराची उधारी थकलेली असते तो त्या डुकरिणीलाच गोळी घालतो. त्यावर आजीनं जी शिवी दिली ती इथं लिहिली तर माझा आयडी उडेल. शेवटाला तर ती रडलीच, थोडा मी पण, शिफ्टचा थकवा असेल.

तर मुद्दा असा की दुसऱ्या दिवशी हे कंपनीतल्या मित्राला सांगितलं, तो फिल्म क्लबवाला आहे, तर म्हणे हे सगळं नुसता मेलोड्रामा, म्हणजे रडारड, गरिबीचं कॅलेंडर छापलंय, मेक्सिकोतला फक्त बुन्युएल हा दिग्दर्शक बघायचा, बाकी सगळं टाकाऊ. खरंय का हे? आणि आजीसोबत पुढं काय बघू?

लाल_फिल्टर

कॅलेंडर म्हणाला का तो, म्हणू दे. मी मेन रोडच्या मागच्या गल्लीत तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, लग्न, मुंजी, पासपोर्ट सगळं केलं, त्यामुळे मला स्टोरीचं विचारू नका, मी आभाळ बघतो. या पिक्चरचा कॅमेरामन गाब्रिएल फिगेरोआ, आमच्याच धंद्यातला माणूस, सुरुवात स्टुडिओत फोटो काढण्यापासून. मग हॉलिवूडला जाऊन ग्रेग टोलंडकडे शिकून आला, तोच टोलंड ज्यानं पुढं 'सिटिझन केन' हा गाजलेला अमेरिकन पिक्चर शूट केला. १९३६ ला त्यांच्याकडे 'आया एन एल रांचो ग्रांदे' नावाचा गाण्याबिण्याचा पिक्चर धो धो चालला, त्याच्या कॅमेऱ्याला १९३८ ला वेनिसच्या फिल्म महोत्सवात बक्षीस मिळालं. आदल्याच वर्षी वेनिसला प्रभातच्या 'संत तुकाराम'चं नाव झालेलं, तो पण १९३६ चाच. म्हणजे तुम्ही म्हणता ती मांडीला मांडी कानच्या आधीपासूनची आहे.

आता ढगांचं सांगतो, कारण त्याच्यावरून त्याला सगळे कॅलेंडरवाला म्हणतात. ब्लॅक अँड व्हाइट रोलवर निळं आभाळ पांढरटच उठतं आणि ढग त्यात विरघळून जातात. लेन्सवर लाल काच चढवली की निळा उजेड अडतो, आभाळ काळंभोर होतं आणि ढग पिंजलेल्या कापसासारखे वर येतात. पण फुकट नाही मिळत ते, लाल फिल्टरला एक्स्पोजर आठपट द्यावं लागतं, म्हणजे तीन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), वरून माणसाचा चेहरा फिका पडतो आणि ओठ तर जवळजवळ पुसले जातात. मी एकदा रोलच्या जमान्यात हा शहाणपणा केला होता, जूनच्या शेवटी एक नवं जोडपं त्र्यंबकला दर्शनाला निघालेलं, त्यांना अंजनेरीच्या पायथ्याशी उभं केलं आणि लाल काच लावली. ढग असे आले की काय सांगू, आणि नवरीचे ओठ गायब. तिच्या सासऱ्यानं निम्मे पैसे दिले, तो फोटो अजून माझ्याकडेच आहे. तेव्हापासून फिगेरोआच्या फ्रेममध्ये आभाळ आणि बाई दोन्ही नीट दिसले की मी मनातल्या मनात हात जोडतो.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. मेक्सिकन पिक्चरांचा सुवर्णकाळ नुसता कलेच्या जोरावर नाही आला, रोलच्या जोरावर आला. महायुद्धात कच्ची फिल्म अमेरिकेच्या हातात, अर्जेंटिना तटस्थ राहिला म्हणून त्याचा पुरवठा आवळला आणि मेक्सिको दोस्तांच्या बाजूनं म्हणून त्याला मिळत राहिली. स्पॅनिश बोलणारं सगळं मार्केट मेक्सिकोकडे आलं. रोल हातात असणं म्हणजे अर्धा धंदा, हे आम्हाला विचारा.

नुसताच_प्रेक्षक

तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे.

बुन्युएलचा 'लोस ओल्विदादोस' बघा, १९५०, मेक्सिको सिटीतल्या उनाड पोरांची गोष्ट. गंमत म्हणजे तो पण फिगेरोआनंच शूट केलाय, लाल फिल्टर काका वाचताय ना, एक पण शोभेचा ढग नाही. तिकडं लागला तेव्हा लोक इतके भडकले, देशाची बदनामी केली म्हणून, की आठवडाभर पण टिकला नाही. १९५१ ला कानला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं आणि मग लगेच तो परत लावला आणि चालला (ही पद्धत आपल्याकडे पण आहे, बाहेरच्यांनी पाठ थोपटली की मग आपली पण थाप). कानला त्याची बाजू घेऊन स्वतः लेख लिहून वाटत फिरणारा माणूस म्हणजे कवी ओक्टाव्हिओ पाझ, जो नंतर १९६२ ते ६८ दिल्लीत मेक्सिकोचा राजदूत होता. २००३ ला हा पिक्चर युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत गेला.

त्यातला एक सीन सांगतो. सुधारगृहात पेद्रो नावाचा पोरगा कोंबड्यांच्यात असतो, हातात अंडं, आणि तो एकदम कॅमेऱ्याकडे बघतो आणि ते अंडं फेकून मारतो, ते येऊन लेन्सवर फुटतं आणि ओघळतं. म्हणजे आपल्या तोंडावर. मी खुर्चीत मागं सरकलो होतो. तुमच्या त्या फुलांच्या होड्यांमध्ये असलं काही आहे का?

आणि फिगेरोआचा किस्सा खुद्द बुन्युएलनं आठवणींत लिहिलाय. त्याच्याच 'नासारिन' पिक्चरच्या वेळी फिगेरोआनं पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी, वर पांढरे ढग अशी झक्कास फ्रेम लावून ठेवली होती, बुन्युएल आला, कॅमेरा उलटा फिरवला आणि एका साध्याच, काही विशेष नसलेल्या जागेवर रोखला. मला विचाराल तर सगळा सिनेमा त्या कॅमेरा फिरवण्यात आहे. पण आजीला दाखवू नका, झोपायची नाही.

सिडकोची_ताई

नुसताच प्रेक्षक भाऊ, 'लोस ओल्विदादोस'चा शेवट आठवा बरं. पेद्रोचं प्रेत गोणपाटाखाली झाकून गाढवावरून नेत असतात, त्याची आई त्यालाच शोधत समोरून येते, दोन शब्द बोलते आणि पुढं निघून जाते, तिला माहीतच नाही खाली कोण आहे. हा मेलोड्रामा नाही तर काय आहे? अशी चुकामूक तर आमच्या आईच्या आवडत्या प्रत्येक मराठी पिक्चरमध्ये असायची. फरक इतकाच की दुसरा कोणी असता तर तिनं गोणपाट उचललं असतं आणि आपण मनसोक्त रडलो असतो, बुन्युएल ते उचलू देत नाही. सामान एकच आहे हो दोघांकडे, एक रडवतो, एक घशात अडकवून ठेवतो. त्यातलं एक टाकाऊ कसं?

आणि रडवणं सोपं वाटतं का तुम्हाला? 'मारिया कांदेलारिया'तली डोलोरेस देल रिओ हॉलिवूडमध्ये मूकपटांपासूनची मोठी स्टार होती, झगमगाट, दागदागिने, सगळं करून चाळिशीच्या उंबरठ्यावर घरी परत आली आणि इथं अनवाणी, दोन वेण्या, डोक्यावर रिबोसो म्हणजे त्यांची ती ओढणी. सांगतात की दिग्दर्शक एमिलियो फर्नांडेझ, ज्याला सगळे एल इंडिओ म्हणायचे, त्यानं तिच्या वाढदिवसाला द्यायला काही नव्हतं म्हणून हॉटेलातल्या पेपर नॅपकिनवर ही स्टोरी लिहून दिली. खरं-खोटं ते दोघंच जाणोत. हा इंडिओ पण नग होता, तरुणपणी बंडात सामील, तुरुंग, मग अमेरिकेत पळून जाऊन हॉलिवूडमध्ये एक्स्ट्रा. म्हातारपणी 'द वाइल्ड बंच' या हॉलिवूडच्या पिक्चरमधला तो भयंकर जनरल मापाचे आठवत असेल तर तोच.

बरं, आजीसाठी. 'नोसोत्रोस लोस पोब्रेस' लावा, १९४८, दिग्दर्शक इस्माएल रॉद्रिगेस, नावाचा अर्थ आम्ही गरीब. पेद्रो इन्फांते त्यात सुताराचं काम करतो आणि खऱ्या आयुष्यात पण तो आधी सुतारकाम करायचा, रंधा धरलेला हात बघा, शिकवलेला हात नाही तो. चाळ, खोटा आळ, तुरुंग, अंथरुणाला खिळलेली आई, छोटी पोरगी, सगळं आहे, मधेच गाणी पण आहेत. माणूस १९५७ ला विमान अपघातात गेला, वय ३९, विमान चालवणाऱ्यांत तो स्वतः होता. मेक्सिकोत अजून त्याच्या नावानं लोक हळवे होतात.

पण त्याचा दुसरा भाग 'उस्तेदेस लोस रिकोस' आजीला दाखवू नका, त्यात लहान बाळाचं जे होतं ते मलाच सहन झालं नाही, मी टॅब पालथा ठेवून भांडी घासायला गेले. आणि सारा गार्सिआ शोधा, तिकडची जगआजी. आजीचे रोल मिळावेत म्हणून चाळिशीतच दात काढून घेतले होते म्हणे बाईनं. तिचा चेहरा तिकडं 'आबुएलिता' नावाच्या चॉकलेटच्या खोक्यावर छापतात, आबुएलिता म्हणजे आजीच.

मिसळ_विथ_पापड

सगळे निबंध लिहितात, लिंक एक पण माणूस देत नाही 😅

नुसताच_प्रेक्षक

ताई, गोणपाटाचा मुद्दा मान्य, या नजरेनं बघितलं नव्हतं. पण ढगांवर मी ठाम आहे. गरीब माणूस उपाशी असताना वरचं आभाळ इतकं देखणं कशाला पाहिजे?

लाल_फिल्टर

कारण आभाळ देखणंच असतं हो. मागच्या वर्षी दुष्काळ होता तेव्हा ब्रह्मगिरीवर काय कमी सुंदर ढग होते? येत होते आणि न पडता जात होते. शेतकऱ्याला विचारा त्याला त्याचा किती राग येतो ते.

पोऱ्या, तू 'माकारिओ' लाव. १९६०, दिग्दर्शक रोबेर्तो गावाल्दोन, कॅमेरा परत फिगेरोआ, परदेशी पिक्चरच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला मेक्सिकन पिक्चर. भुकेला लाकूडतोड्या, त्याची एकच इच्छा, एक अख्खी टर्की कोणाला न देता एकट्यानं खायची. जास्त सांगत नाही. शेवटाकडे एक गुहा येते, मेणबत्त्यांनी भरलेली, प्रत्येक मेणबत्ती म्हणजे एकेका माणसाचं आयुष्य. ती लाइटिंग बघ, आणि मग मला सांग.

गोदाकाठचा_पोऱ्या

सगळ्यांना थँक्यू, आणि उशीर झाला त्याबद्दल सॉरी, आठवडाभर फर्स्ट शिफ्ट होती. काल 'माकारिओ' बघितला, आजी आणि शेजारच्या मावशी पण. लाल फिल्टर काका, गुहेच्या सीनला मी लाइटच बंद केले खोलीतले, मावशी म्हणाल्या दीपमाळेसारखं दिसतंय.

आजीला सगळ्यात आवडलं ते जंगलातलं. लाकूडतोड्याची बायको चोरून टर्की आणते, तो एकटाच जंगलात खायला बसतो, आधी सैतान येऊन वाटा मागतो, त्याला देत नाही, मग देव येतो, त्याला पण नाही, आणि मग मृत्यू येतो तर त्याला निम्मी देऊन टाकतो. मी पॉज करून आजीला समजावायला लागलो की बघ, मृत्यू आला म्हणजे आता वेळ संपली, तो खात बसेल तेवढा वेळ तरी आपल्याला मिळेल असा त्याचा हिशोब. आजी म्हणाली, "मला काय सांगतो, सावित्रीनं पण यमाला बोलण्यातच गुतवलं होतं." मित्राला हे सांगितलं, तो काही बोलला नाही, फक्त विचारलं पुढचा कधी लावताय, मी येऊ का.

ती स्वतः माळकरी आहे, पण एक शंका तिच्या डोक्यातून जात नाहीये. एवढं मोठं कोंबडं भाजलं आणि सोबत भाकरी नाही, कांदा नाही, हे लोक नुसतंच खातात का? कोणाला माहिती असेल तर सांगा, ती सकाळपासून दोनदा विचारून गेली.