डॉमिनीका: एका दिवसात पाहण्याचे बेट आहे का?

रानवाटा

२०२३ च्या जुलैमध्ये यशस्वी जैस्वालने तिथली राजधानी रोझो येथील विंडसर पार्क मैदानावर कसोटी पदार्पणातच १७१ धावा काढल्या, तेव्हा आपल्याकडील बऱ्याच जणांच्या कानावर डॉमिनीका हे नाव पहिल्यांदा पडले. तेथे जाऊन आलो असे सांगितले की अजूनही निम्मे लोक ‘म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक ना?’ असे विचारतात, म्हणून आधी थोडी ओळख करून देतो. कॅरिबियन समुद्रात ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध असलेले हे राष्ट्र १९७८ मध्ये स्वतंत्र झाले. ते जेमतेम ७५० चौरस किलोमीटरचे असून लोकसंख्या ७० हजारांच्या आसपास आहे. कोलंबसाला हे बेट रविवारी दिसले म्हणून त्याला रविवारचे नाव मिळाले. मूळचे कालिनागो लोक मात्र त्याला वायतुकुबुली, म्हणजे ‘उंच आहे तिची काया’, असे म्हणत. मला हेच नाव अधिक पटते, कारण डोंगर समुद्रातून थेट उभे राहिले आहेत, अंगावर घनदाट जंगल आहे आणि पोटात नऊ ज्वालामुखी. पांढऱ्या वाळूची ओढ असणाऱ्यांनी बार्बाडोस किंवा अँटिग्वा गाठावे. इथली वाळू बहुतेक ठिकाणी काळी आहे.

मी अकरा दिवस राहिलो आणि सहाव्या दिवशी उकळत्या सरोवराला गेलो. लोदा गावाजवळच्या टिटू घळीपासून निघून जाऊन येण्यास सहा-सात तास लागतात. वाटेत व्हॅली ऑफ डेसोलेशन नावाचे खोरे लागते. तिथे ओढ्याचे पाणी एका जागी दुधासारखे तर दहा पावलांवर शाईसारखे काळे दिसते, आणि माझ्या बोटातली चांदीची अंगठी गंधकाच्या वाफेने परतीपर्यंत काळवंडून गेली होती. आमच्या वाटाड्याने कापडात बांधलेली अंडी एका उकळत्या भोकात सोडली आणि न्याहारी तिथेच झाली. सरोवराच्या काठावर पोहोचलो तेव्हा नुसती वाफ दिसत होती. वीसेक मिनिटांनी वारा फिरला आणि खाली साठेक मीटर रुंदीचे करडे पाणी मधोमध खदखदताना दिसले.

म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो. डॉमिनीकाला किमान आठ रात्री काढण्याच्या तयारीने जावे. क्रूझ जहाजातून सकाळी उतरून संध्याकाळी परतणाऱ्याने हे बेट पाहिले असे म्हणू नये. आणि रोझोच्या खोऱ्यातून या सरोवरापर्यंत केबल कार नेण्याचे जे काम हाती घेतले गेले आहे, ते माझ्या मते चूक आहे. हे सरोवर ज्यात आहे त्या, १९९७ पासून जागतिक वारसा असलेल्या मोर्न त्रोआ पितों उद्यानाचे सारे मोल त्या चालण्यात आहे. बेटावर होऊ घातलेला नवा विमानतळही मला नकोसा वाटतो; जंगल शांत राहू द्यावे.

तारवटी

आपले वर्णन आवडले, पण क्रूझविषयीचे मत मला मान्य नाही. मी फोंड्याचा, बारा वर्षे जहाजांवरच्या स्वयंपाकघरात काढली आणि नोव्हेंबर ते एप्रिल या हंगामात रोझोला कित्येकदा उतरलो. धक्क्यापासून चालत पाच मिनिटांवर जुना बाजार आहे. एके काळी जिथे गुलामांची विक्री होत असे, त्या फरसबंदी चौकात आज बायका मसाले, साबण आणि वेताच्या टोपल्या मांडून बसतात. त्यांतल्या एकीकडून मी दरवर्षी जायफळ घेत असे. २०१७ च्या मारिया वादळानंतर काही महिने जहाजे आली नाहीत, तेव्हा सर्वांत मोठी अडचण वाऱ्याने उडालेल्या छपरापेक्षा रिकाम्या धक्क्याची होती, असे तिने मला सांगितले.

या देशाचे पोट पूर्वी केळीवर चालत असे. ब्रिटनमधली राखीव बाजारपेठ जागतिक व्यापार संघटनेच्या वादानंतर हातची गेली आणि शेतकरी उघड्यावर पडला. आज ज्याच्याकडे गाडी आहे तो जहाजावरच्या पाहुण्यांना ट्राफल्गार धबधबा आणि एमराल्ड पूल दाखवून घर चालवतो. आठ रात्री राहण्याइतकी रजा आणि पैसा किती जणांपाशी असतो? एका दिवसासाठी येणाऱ्याला आपण कमी लेखले, तर त्या चौकातल्या बाईचेही आपण काही भले करत नाही.

टोरांटोकर

माझी एक सहकारी परिचारिका डॉमिनीकाची आहे, त्यामुळे थोडे तिच्या बाजूने लिहिते. बेटावर सध्या मोठी जेट विमाने उतरू शकत नाहीत. मायामीहून थेट सेवाही २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. त्याआधी बार्बाडोस, अँटिग्वा अशा शेजारच्या बेटांवर विमान बदलण्यावाचून गत्यंतर नसे. ऑगस्ट २०१५ मध्ये एरिका वादळाच्या पावसाने विमानतळच पाण्याखाली गेला आणि पेतित साव्हान हे गाव दरडींमुळे कायमचे सोडावे लागले. दोनच वर्षांनी, १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री, पाचव्या श्रेणीचे मारिया आले. नुकसानीचा अंदाज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के इतका निघाला. अशा देशाला वेस्ली येथे नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ हवा असेल, तर दूरवर बसून ‘जंगल शांत राहू द्या’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे का? आजारी आईला परदेशी रुग्णालयात नेताना विमान बदलण्यात गेलेले तास माझ्या सहकारिणीने मोजलेले आहेत.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना करते. भारतीय पारपत्रावर डॉमिनीकासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण वाटेत अमेरिकेत विमान बदलायचे असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि खरी दगदग तीच आहे.

रानवाटा

विमानतळाच्या बाबतीत आपला मुद्दा मला पटला आणि तेवढ्यापुरते मी माघार घेतो. तरी दोन गोष्टी नोंदवतो. वेस्लीच्या काही कुटुंबांना त्यासाठी घरे आणि जमिनी सोडाव्या लागल्या आहेत. शिवाय विमानतळासाठीचा पैसा प्रामुख्याने गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याच्या योजनेतून येतो. १९९३ पासून चालत आलेल्या या योजनेची किमान रक्कम २०२४ मध्ये २ लाख अमेरिकन डॉलर झाली. बाहेरच्या देशांनी नियम बदलले की असा पैसा आटू शकतो, म्हणून मला काळजी वाटते.

केबल कारला मात्र माझा विरोध कायम आहे.

दुर्गयात्री

माझे वय ६८ असून दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. तरुणपणी रायगड मी पायऱ्यांनीच चढत असे आणि १९९६ मध्ये रोपवे सुरू झाला तेव्हा आपल्याइतकाच संतापलो होतो. गेल्या वर्षी त्याच रोपवेने मी जगदीश्वराच्या दारापर्यंत पोहोचलो आणि पायरीवर बसून रडलो. उकळते सरोवर पाहण्याचा हक्क फक्त धडधाकट माणसांचा, असे आपल्याला खरोखर म्हणायचे आहे का? पायवाट कोणी बुजवणार नाही. चालणाऱ्याने चालावे, न चालवणाऱ्याला तारेने जाऊ द्यावे.

भूस्तर

हक्काचा प्रश्न योग्यच आहे, पण रायगडाचा कातळ आणि हे सरोवर यांची तुलना भूशास्त्राच्या दृष्टीने टिकत नाही. उकळते सरोवर म्हणजे पाण्याने भरलेले वाफेचे विवर आहे. २००४ च्या डिसेंबरमध्ये त्यातले पाणी उतरून ते जवळजवळ रिकामे झाले आणि पुढच्या काही महिन्यांत पुन्हा भरले. त्याच परिसरात १८८० मध्ये वाफेचा मोठा स्फोट झाला होता, १९९७ मध्ये लहान. अशा ठिकाणी दिवसाला दहा-वीस माणसे असणे आणि जहाज लागले की शेकडो असणे यांत फार फरक पडतो. दुर्गयात्री यांना विनंती आहे की वॉटन वेव्हन येथील गंधकाच्या गरम पाण्याची कुंडे पाहावीत. तिथे गाडी जाते, गुडघ्यांना आरामही मिळेल आणि जमिनीखालची तीच आग पायाखाली जाणवेल.

तारवटी

भूस्तर यांचे म्हणणे पटले. मात्र गर्दीवर मर्यादा घालता येते, हे त्या देशाने समुद्रात दाखवून दिले आहे. स्पर्म व्हेल हे मोठे देवमासे तिथे बारा महिने राहतात आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासाठी पश्चिम किनाऱ्यालगत सुमारे ८०० चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. त्यांच्याबरोबर पोहण्यासाठी परवाना लागतो. सरोवरालाही तोच न्याय लावता येईल.

रानवाटा

परवान्याची कल्पना मला मान्य आहे आणि ती पाळली गेली तर माझा विरोध बराच सौम्य होईल. दुर्गयात्री यांच्या पत्राने मी अस्वस्थ झालो हेही प्रामाणिकपणे सांगतो. तरीही आठ रात्रींचा आग्रह मी सोडत नाही आणि त्याचे कारण डोंगर नाहीत.

ईशान्य किनाऱ्यावर १९०३ मध्ये राखून ठेवलेला ३,७०० एकरांचा कालिनागो प्रदेश आहे. तिथली जमीन सामाईक मालकीची असते, कोणाला विकता येत नाही. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या सिल्व्हानी बर्टन याच समाजातल्या आहेत. मी तिथे एका घरी तीन रात्री राहिलो. पहिल्या दिवशी घरच्या आजींनी मला टोपली विकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी लारूमा नावाच्या वेताची कांडी चिरून, आतला गर सुरीने खरवडून, तिचे पट्टे कसे करतात ते दाखवले. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात सुरी दिली. माझे सगळे पट्टे वाकडेतिकडे निघाले, तरी त्यांनी ते फेकले नाहीत. त्यांची एक लहानशी टोपली विणून दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.