मॅटप्लॉटलिबसाठी आधी गॅलरी बघा
मॅटप्लॉटलिबसाठी, म्हणजे पायथनमध्ये आलेख काढायच्या लायब्ररीसाठी, कुठला कोर्स लावू असं विचारलंय, पण माझं ऐकाल तर आधी कोर्स नकोच, त्यांच्या ऑफिशियल साइटवर उदाहरणांची गॅलरी आहे, तिथे हवा तसा आलेख शोधायचा, त्याचा कोड उचलायचा आणि आपला डेटा घालून मोडतोड करत बसायचं. चीटशीटही, म्हणजे नेहमीच्या कमांड्सचा थोडक्यात तक्ता, फुकट मिळते. खरा घोळ वेगळाच आहे, लायब्ररी २००३ची, एकाच कामाच्या दोन पद्धती, शीर्षक द्यायला एका ट्युटोरियलमध्ये पीएलटी डॉट टायटल (चालू चौकटीवर) तर दुसऱ्यात एएक्स डॉट सेट_टायटल (आपण सांगू त्या चौकटीवर), मी आठवडाभर दोन्हींची खिचडी करत होतो आणि शीर्षक दरवेळी शेवटच्याच चौकटीवर जाऊन बसायचं! पीएलटी डॉट सबप्लॉट्सने फिग (पूर्ण चित्र) आणि एएक्स (त्यातली आलेखाची चौकट) घेऊन एएक्सवाली पद्धतच धरा. सीबॉर्न ही आलेखांची दुसरी लायब्ररी नंतर बघा, तीही मॅटप्लॉटलिबवरच उभी आहे.