ज्याची खावी पोळी... चेक प्रोटेस्टंट आणि कम्युनिस्ट सरकारचा पगार

आडवाट
कम्युनिस्ट राजवट आली की धर्म आणि सरकारची फारकत होते, असं आपण धरून चालतो. चेकोस्लोव्हाकियात उलटंच झालं. ऑक्टोबर १९४९च्या कायद्याने निरीश्वरवादी सरकारच पाळकांना पगार देऊ लागलं. अट एकच: पाळक म्हणून काम करायला 'सरकारी संमती' हवी. कॅथॉलिक बिशपांनी निदान विरोध तरी केला. चेक ब्रदरन चर्चच्या प्रोटेस्टंटांनी फार खळखळ केली नाही. माझ्या मते तिथेच त्यांनी मान दिली.

पाटीपेन्सिल
मान दिली म्हणे! १६२०ला प्रागजवळच्या बिला होराच्या लढाईत कॅथॉलिक सम्राटाकडून हरल्यापासून हे प्रोटेस्टंट दीडशे वर्षं लपूनछपून प्रार्थना करत होते. १७८१ला परवानगी मिळाली, तीही कशी? प्रार्थनाघराला मनोरा नको, घंटा नको, रस्त्याकडे दार नको. सगळ्यांना एकाच कायद्याखाली आणणारं सरकार त्यांना अगदीच सैतान वाटलं नसेल. त्यांच्यातलेच धर्मशास्त्रज्ञ योसेफ ह्रोमाद्का तर अमेरिकेतली प्राध्यापकी सोडून १९४७ला परतले.

गोदाकाठ
तेच ना, १९५६ला हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा पाठराखण करणारे? आणि १९५८चं सोव्हिएत सरकारचं लेनिन शांतता पारितोषिक घेणारे?

पाटीपेन्सिल
अर्धीच गोष्ट सांगताय. १९६८ला रणगाडे प्रागमध्ये आले तेव्हा सोव्हिएत राजदूताला निषेधाचं पत्र त्यांनीच लिहिलं.

केतकी_प
हंगेरीला टाळी आणि स्वतःच्या घरावर आल्यावर निषेध, असंही म्हणता येईल. पण मोठ्या माणसांचं राहू द्या. स्वातोप्लुक कारासेक हे पाळक आणि गायक. आधी संमती गेली, मग १९७६ला भूमिगत संगीतवाल्यांबरोबर तुरुंगवास. मिलोश रेख्रत संमती गेल्यावर बॉयलरवर कामाला लागले आणि १९८०ला चार्टर ७७चे, म्हणजे सरकारकडे मानवी हक्क मागणाऱ्या चळवळीचे, प्रवक्ते झाले. पाळकाला गप्प करायला खटला लागत नसे, संमती काढली की झालं. चर्चचं नेतृत्व चार्टरवाल्यांपासून चार हात लांबच राहिलं, एवढ्यापुरती धागाकर्त्यांशी सहमत.

आडवाट
केतकीताई, मुद्दा पटला. शिवाय पगार १९८९नंतरही चालूच राहिला! २०१२च्या कायद्याने तो टप्प्याटप्प्याने कमी होत २०३०ला थांबायचाय. लोकशाहीत संमती गेली, पोळी राहिली आणि टाळी कुणी मागितली नाही. म्हणजे फास पगाराचा नव्हता, संमतीचा होता. 'मान दिली' मात्र मागे घेत नाही.

पाटीपेन्सिल
नका घेऊ. १९४९ला त्या पाळकांच्या घरी चूल कशी पेटणार होती, तेवढं लिहा.