'मस्ट हॅव बीन' की 'शुड हॅव बीन'? आणि 'बाय' कुठे, 'विथ' कुठे?

पॅकहाऊस_पिंपळगाव
नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षांच्या पॅकहाऊसवर सुपरवायझर आहे. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. मागच्या सीझनला एका गाडीचा माल प्री-कूलिंगला उशिरा गेला. चूक आमचीच. परदेशातल्या खरेदीदाराला मेल करून सांगायचं होतं, 'माल आधीच थंड करायला हवा होता.' मी लिहिलं, 'द ग्रेप्स मस्ट हॅव बीन कूल्ड अर्लिअर.' उत्तर आलं: अंदाज नकोत, तापमानाच्या नोंदी पाठवा. मी तर कबुली दिली होती! अजून मनाला लागून आहे ते.

आता भिंतीवरच्या सूचना इंग्रजीतही लावायच्यात. 'बंचेस मस्ट कट बाय सिझर्स', 'बॉक्सेस आर फिल्ड बाय ग्रेप्स' असं लिहिलंय. मुलगी म्हणते चुकलंय, पण का ते तिलाही सांगता येईना.

गोदाकाठ
पहिल्यात 'बी' राहिलं. मस्ट बी कट. कॅन, विल, शुड, मस्ट, कशाहीनंतर 'बी'च येतं. तिथे इज, आर, वॉज चालत नाही.

बाई_नाशिकरोड
दादा, मी हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. तुमची चूक अगदी स्वाभाविक आहे. 'मस्ट बी कूल्ड' म्हणजे थंड केलीच पाहिजेत, हे बरोबर. म्हणून तुम्ही तेच भूतकाळात नेलंत. पण 'मस्ट'पुढे 'हॅव बीन' आलं की सक्ती जाते आणि तर्क येतो: 'थंड केलेली असणार.' त्यांनी तेच वाचलं. 'करायला हवी होती, केली नाहीत' यासाठी 'शुड हॅव बीन कूल्ड'.

आता 'बाय'. 'मजुराने कात्रीने घड काढला' हे वाक्य बघा. आपल्याकडे मजुरालाही 'ने' आणि कात्रीलाही 'ने'. इंग्रजी कर्मणी प्रयोगात दोघं वेगळे होतात: करणारा 'बाय', हत्यार 'विथ'. पेटी द्राक्षांनी भरते, पण भरणारी द्राक्षं नव्हेत, म्हणून तिथेही 'विथ'. उलट काही ठिकाणी मराठीच वाट दाखवते. लाकडाची पेटी, 'मेड ऑफ वुड'. द्राक्षांपासून वाईन, 'मेड फ्रॉम ग्रेप्स'. 'ची' आणि 'पासून' मनात धरा.

आणखी एक, कारण तक्रारीच्या मेलमध्ये हे लागेलच. 'युवर कम्प्लेंट विल बी लुक्ड इंटू.' शेवटचं 'इंटू' लोंबतंय असं वाटून मुलं ते खोडायची. खोडू नका. ते 'लुक'चाच भाग आहे. ते गेलं तर 'चौकशी करू' हा अर्थच जातो. पुढे 'बाय द मॅनेजर' जोडलं तरी 'इंटू बाय' असं शेजारी-शेजारी खुशाल राहू द्या.

पॅकहाऊस_पिंपळगाव
बाई, कात्रीच्या वाक्याने डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवीन पाटी: 'बंचेस मस्ट बी कट विथ सिझर्स. ईच बॉक्स शुड बी फिल्ड विथ टेन पनेट्स.' आमची ५ किलोची पेटी, ५०० ग्रॅमचे १० पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे.

एक अडलंय. घड देठाला धरायचा असतो. मण्याला बोट लागलं की वरची पांढरी झाक पुसली जाते. 'बेरीज मस्ट नॉट बी टच्ड... बेअर हँड्स' मध्ये काय? हात तर माणसाचाच, मग 'बाय' ना?

बाई_नाशिकरोड
'विथ'. स्पर्श करणारा मजूर, हात त्याचं साधन. वाक्यात मजूर दिसत नसला तरी 'बाय'ची जागा त्याचीच आहे.