मदत हवी आहे: कोल्ड रूमचं व्हॅक्यूम ११०० मायक्रॉनवर अडकतंय, दोष गेजचा की लाईनचा?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत मासळीच्या एका छोट्या कोल्ड रूमचं काम हातात आहे. गॅस आर-४०४ए, कॉम्प्रेसरचं ऑईल पीओई (सिंथेटिक, ओल शोषून घेणारं). कॉईलचं बेंड गळत होतं, ते ब्रेझिंग केलं, लाईनमधली ओल शोषणारा ड्रायर बदलला. नायट्रोजनचं प्रेशर रात्रभर हललं नाही, म्हणजे लीक नसावी. पण लाईन भर पावसात उघडी होती आणि जुलैतली इथली हवा कोकणातल्यांना ठाऊकच आहे.

हवा आणि ओल ओढून काढायला टू-स्टेज व्हॅक्यूम पंप लावलाय, डिजिटल गेज मॅनिफोल्डवर (होज जोडायच्या व्हॉल्व्हच्या संचावर). आकडा २००० मायक्रॉनपर्यंत (आत उरलेला दाब, जितका कमी तितकं व्हॅक्यूम चांगलं) झटकन येतो, मग रेंगाळत ११०० ला अडकतो. पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद केला की २४०० पर्यंत चढतो आणि तिथे थांबतो. होजने गेज थेट पंपाला जोडलं तर ३८०.

गेज बरोबर दाखवतंय हे कसं ओळखायचं? सेन्सर घरी साफ करता येतो का? मालक म्हणतात, काट्याच्या मीटरवर ३० इंच आलंय, गॅस भरा. मासळी दुसरीकडे बर्फात ठेवावी लागली आहे, त्यांची घाई समजते. पण ओल आत राहिली तर पीओईमध्ये ॲसिड होतं आणि कॉम्प्रेसर जातो. ते नुकसान त्यांना होऊ नये एवढंच वाटतं.

प्रतिसाद

मालकांना हा हिशेब दाखवा. हवेचा दाब साधारण ७,६०,००० मायक्रॉन. काट्याच्या मीटरवरचा एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन. ५००० वरून ५०० वर आलात तरी काटा पाव इंचसुद्धा हलणार नाही. ओल गेली की नाही हे त्या मीटरवर कळतच नाही.

आता तुमचे ३८०. चांगला टू-स्टेज पंप थेट गेजवर १०० च्या खाली जायला हवा. म्हणजे पंप, होज किंवा गेज, तिघांपैकी एकात गडबड आहे. आधी पंपाचं ऑईल बदला, पंप गरम असतानाच काढा. दुधाळ निघालं तर थोडा वेळ पंप चालवून पुन्हा बदला. आणि होज नकोच. रबरात मुरलेला जुना गॅस आणि ओल व्हॅक्यूममध्ये सुटत राहते. पितळी कनेक्टरने गेज पंपाच्या तोंडावरच बसवा. तरी आकडा उतरला नाही तर सेन्सरकडे वळा.

प्रतिसाद

सेन्सर घरी साफ होतो, पण आधी तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा. आतल्या तारेची उष्णता गॅस किती ओढून नेतो, त्यावरून गेज दाब काढतं. तारेवर ऑईलचा थर बसला की बहुधा आकडा जास्त दिसतो. ड्रॉपरने ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल तोंडातून आत सोडा, कॅप लावून हळू हलवा, ओतून टाका. स्वच्छ निघेपर्यंत हेच करा. मग तोंड खाली करून पूर्ण सुकू द्या, कारण उरलेलं अल्कोहोलही वाफ सोडून आकडा चढवतं. कापसाची काडी, पिन किंवा कॉम्प्रेसरची हवा अजिबात नको, तार फार नाजूक असते.

लावताना गेज उभं आणि तोंड खाली ठेवा, म्हणजे ऑईल ओघळून आत जात नाही.

धागाकर्ता

ऑईल बदललं, गेज साफ केलं, होज काढली. पंपावर थेट ४५ आले. खूप आभार! पण सिस्टिमवर अजून ९०० च्या खाली जात नाही.

प्रतिसाद

मग पंप आणि गेज दोन्ही सुटले. बंद केल्यावर आकडा चढून थांबतो, म्हणजे ओल किंवा ऑईलमध्ये मुरलेला गॅस. लीक असती तर चढतच राहिला असता.

गेज मॅनिफोल्डवरून काढा, पंपापासून सगळ्यात लांबच्या टोकाला लावा. कोर रिमूव्हरने सर्व्हिस व्हॉल्व्हमधल्या पिना काढा आणि ३/८ इंची होज वापरा. आणि दादा, लिक्विड लाईनचा सोलेनॉईड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) बघा. सप्लाय नसेल तर तो बंद असतो, पलीकडची लाईन नीट ओढलीच जात नाही. त्यावर मॅग्नेट ठेवा. कॉम्प्रेसरचं ऑईल गरम करणारा क्रँककेस हीटर असेल तर चालू करा, पण व्हॅक्यूममध्ये कॉम्प्रेसर कधीच चालवू नका, वाइंडिंग जळेल. कॉईल अजून गार असेल तर दार उघडून गरम होऊ द्या. ५०० मायक्रॉनला उणे २४ अंशांखालचा बर्फ उडत नाही. १००० च्या आसपास कोरडा नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम तोडा आणि पुन्हा ओढा.

धागाकर्ता

सोलेनॉईड बंदच होता! मॅग्नेट ठेवताच आकडा ९००० वर उसळला. नायट्रोजनने तोडून पुन्हा ओढलं, आता २१० आहे. पंप वेगळा करून पंधरा मिनिटं थांबलो, ३४० वर स्थिर. गॅस भरू का?

प्रतिसाद

भरा. आधी गेजपुढचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गेज काढून कॅप लावा. काही गेज दाब सोसतात, पण गॅसबरोबर आलेलं ऑईल सेन्सरवर बसलं की पुन्हा तेच धुणं. आर-४०४ए मिश्रण आहे, सिलिंडरमधून लिक्विडच घ्या, रिसीव्हरच्या (लिक्विड साठवणाऱ्या टाकीच्या) बाजूने. आणि मॅग्नेट काढायला विसरू नका.