मदत हवी आहे: मुलांच्या जुलाबाचे नमुने, एलायझा आणि पीसीआरचे निकाल जुळत नाहीत, टायपिंगही अडलंय

वारणाकाठ

नमस्कार. मी सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि सोबत पीएचडी चालू आहे. विषय पाच वर्षांखालच्या मुलांच्या जुलाबामागचे विषाणू. मुख्य भर रोटाव्हायरसवर (पुढे नुसतं रोटा), जोडीला नोरो, अ‍ॅस्ट्रो आणि अ‍ॅडिनो ४०/४१ हे विषाणू. नमुने मिरज, कुपवाड आणि पलूस भागातल्या बालरोगतज्ज्ञांकडून येतात. थंडीत भरपूर, एरवी तुरळक.

रोटासाठी माझ्याकडे तीन पद्धतींचे निकाल आहेत. एलायझा, म्हणजे विषाणूचं व्हीपी६ हे प्रथिन प्रतिपिंडांनी पकडणारी चाचणी, सगळ्या नमुन्यांवर झाली आहे. आरएनए (विषाणूचा जनुकीय पदार्थ) काढून, त्याचे तुकडे आकारानुसार वेगळे दिसावेत म्हणून पॉलीअ‍ॅक्रिलामाइड जेलवर चालवला आणि सिल्व्हर स्टेनिंग केलं. रिअल-टाइम आरटी-पीसीआर (आरएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी चाचणी) मात्र बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत करून घेतला, आमच्याकडे ते यंत्र नाही. जेलमध्ये सगळ्यात कमी पॉझिटिव्ह, एलायझात त्याहून जास्त, पीसीआरमध्ये सगळ्यात जास्त. इथपर्यंत अपेक्षित होतं.

अडचण पुढे आहे. एलायझात निगेटिव्ह पण पीसीआरमध्ये पॉझिटिव्ह अशा बऱ्याच मुलांचे जुलाब अगदी साधे होते, सलाइनसुद्धा लागलं नाही. त्यात काही बाळं तीन-चार महिन्यांची आहेत. उलट एलायझात ठळक पॉझिटिव्ह आलेले काही नमुने टायपिंगला, म्हणजे रोटाचा जी आणि पी असा दुहेरी प्रकार ठरवायला, अडलेत. कुठे जी प्रकार मिळतो पण पी मिळत नाही, कुठे दोन्ही नाहीत.

मार्गदर्शक म्हणतात पीसीआरला प्रमाण धरा आणि बाकी दोन्हींची संवेदनशीलता त्याच्याशी ताडून काढा. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट मांडता येत नाहीये. शिवाय पैसे एकाच गोष्टीपुरते उरलेत: एकतर सगळ्या नमुन्यांचा पुन्हा पीसीआर, नाहीतर थोड्यांचं सिक्वेन्सिंग (जनुकांची अक्षरं वाचणं).

महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात रोटाची लस आहे. तिच्यानंतर आपल्या भागात कोणते प्रकार फिरताहेत ही माहिती मला खरी हवी आहे. चुकीच्या पद्धतीवर उभा केलेला तक्ता छापून आला तर पुढचे लोक त्यावरच बांधकाम करतील, याची मला मनापासून काळजी वाटते. कुणी हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

जेलवाले_काका

ताई, प्रश्न चांगला मांडलात. मी निवृत्त आहे, पण आयुष्य याच कामात गेलं.

आधी हे पक्कं करा की तुमचे प्रश्न दोन आहेत. या मुलाचे जुलाब रोटामुळे झाले का, हा एक. नमुन्यात रोटाचा आरएनए आहे का, हा दुसरा. पीसीआर दुसऱ्याचं उत्तर फार छान देतो. पहिल्याचं उत्तर एलायझा बरंच जवळचं देते, कारण तिला विषाणू मुबलक लागतो आणि खऱ्या रोटाच्या आजारात तो मुबलकच असतो. एक ग्रॅम शौचात दहा हजार कोटींपर्यंत कण निघतात. आजार सरल्यावरही थोडा विषाणू कितीतरी दिवस बाहेर पडत राहतो आणि धडधाकट मुलांतही सापडतो. पीसीआर तो सगळा मोजतो. म्हणून पीसीआरला डोळे झाकून प्रमाण धरू नका. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतल्या ७ ठिकाणी झालेल्या ‘जेम्स’ या मुलांच्या जुलाबांवरच्या अभ्यासाचे नमुने पुन्हा संख्यात्मक पीसीआरने तपासले आणि ते २०१६ साली प्रसिद्ध झालं. तिथेही नुसतं ‘आहे-नाही’ न बघता विषाणूचं प्रमाण किती, आणि निरोगी मुलांत ते किती, यावरून कारण ठरवलं. तुमच्याकडे पीसीआरची सीटी मूल्यं (जितकी उंच तितका विषाणू कमी) असतीलच. एलायझा-निगेटिव्ह गटाची सीटी वेगळी मांडून बघा, बहुतेक सगळी उंच निघतील.

जेलला कमी लेखू नका. संवेदनशीलता कमी आहे हे खरं, पण ११ तुकड्यांची ४-२-३-२ अशी मांडणी दिसली की अ गटाचा रोटा डोळ्यांनी दिसतो. अकराव्या तुकड्याच्या जागेवरून लांब की आखूड नमुना ते कळतं. आखूड नमुना बहुधा जी२पी[४] च्या घराण्याकडे बोट दाखवतो. आणि मांडणीच वेगळी दिसली तर क गटाची शक्यता असते, जो तुमच्या एलायझाला दिसणारच नाही, कारण ती अ गटाच्या व्हीपी६ वर बेतलेली आहे. हे काम जेलशिवाय स्वस्तात कुणी करून देत नाही.

आता टायपिंग. विषाणूच्या बाहेरच्या व्हीपी७ प्रथिनावरून जी आणि व्हीपी४ वरून पी ठरतो, हे तुम्हाला माहीत आहेच. बहुप्राइमर पीसीआरमध्ये प्रत्येक प्रकाराचा प्राइमर (जनुकाला चिकटणारा छोटा तुकडा) ठरलेल्या जागी बसावा लागतो. विषाणू बदलला की तो बसत नाही, किंवा वाईट म्हणजे भलत्याच प्रकाराचा बसतो. पी[८] चा जुना प्राइमर नव्या वंशांशी जुळेना म्हणून सुधारलेला प्राइमर आणावा लागला होता. तुमचे प्राइमर कोणत्या काळातले आहेत ते आधी तपासा. आणि रोटाचा आरएनए दुपदरी असतो, आरटीच्या (आरएनएवरून डीएनए उतरवण्याच्या) आधी ९५ अंशांवर तापवून लगेच बर्फात ठेवलं नाही तर हा उतारा नीट होत नाही. बाहेरच्या प्रयोगशाळेत ही पायरी झाली का, जरूर विचारा.

दोन्ही प्रकार न मिळालेल्या नमुन्यांत अडथळा आणणारे घटकही असू शकतात. शौचातले पित्तक्षार आणि गुंतागुंतीच्या शर्करा एन्झाइमला थांबवतात. आरएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. आरएनए काढताना एमएस२ फाजसारखा (जिवाणूंचा विषाणू) अंतर्गत नियंत्रक टाकला असता तर हे तिथल्या तिथे कळलं असतं. पुढच्या खेपेपासून तेवढं सुरू कराच.

बालरोग_मिरज

मॅडम, तीन-चार महिन्यांच्या बाळांबद्दल. त्यांचं लसीकरण कार्ड मागवलंत का? रोटाची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे देतात, आणि ती जिवंत विषाणूची असते. डोसनंतरचे काही दिवस लसीचाच विषाणू शौचात उतरतो. पीसीआर तो पकडणारच. आमच्या ओपीडीत लस घेतल्यावर आठवड्याभरात साध्या जुलाबासाठी आणलेली बाळं नेहमी येतात. डोसची तारीख आणि नमुन्याची तारीख यांतलं अंतर प्रत्येकासमोर लिहा. कार्डावर कोणत्या कंपनीची लस आहे तेही बघा.

जेलवाले_काका

डॉक्टरांनी मोलाचं सांगितलं. यात तुमच्या ‘जी मिळतो, पी मिळत नाही’ या कोड्याचं उत्तरही असू शकेल. भारत बायोटेकची रोटाव्हॅक ११६ई या वाणावरची, तो जी९पी[११]. सीरमची रोटासील पाच प्रकारांची, जी१, जी२, जी३, जी४ आणि जी९, पण तिचा मूळ सांगाडा गाईच्या विषाणूचा असल्यामुळे पी बाजू पी[५] आहे. नेहमीच्या मिश्रणात पी[४], पी[६], पी[८], पी[९], पी[१०], पी[११] यांचे प्राइमर असतात, पी[५] चा बहुधा नसतो. म्हणजे रोटासीलचा विषाणू असेल तर जी प्रकार व्यवस्थित दिसेल आणि पीची जागा कोरी राहील. खात्री मात्र सिक्वेन्सिंगनेच होईल. म्हणून तुमचे पैसे तिथेच घाला, सगळ्यांचा पुन्हा पीसीआर करण्यात नको.

आकडेमोड

मार्गदर्शकांना सांगायचं कारण हवं असेल तर असं सांगा. पीसीआरला प्रमाण धरलं की एलायझात न आलेला प्रत्येक नमुना आपोआप एलायझाची चूक ठरतो. प्रमाण धरलेली पद्धत स्वतः कधीच चुकत नाही, असं गणितात गृहीत धरलं जातं. आणखी एक सापळा: फक्त न जुळलेले नमुने तिसऱ्या पद्धतीने तपासायचे आणि त्यावरून निकाल दुरुस्त करायचे, हे बरेच लोक करतात. त्यामुळे आकडे विनाकारण चांगले दिसतात, कारण जुळलेल्यांतल्या चुका कुणी शोधलेल्याच नसतात. तिसरी चाचणी करायचीच तर जुळलेल्यांतलेही काही नमुने चिठ्ठ्या टाकून निवडा. तिन्ही पद्धतींचे निकाल हातात आहेत, तर सुप्तवर्ग विश्लेषण (लेटंट क्लास अ‍ॅनालिसिस) करता येईल, त्यात कुणालाच प्रमाण मानावं लागत नाही. नमुने थोडे असतील तर निदान ‘कप्पा’ (दोन पद्धती किती जुळतात हे सांगणारा आकडा) आणि त्याची विश्वासमर्यादा द्या. एलायझा आणि जेल दोन्ही विषाणूच्या प्रमाणावर अवलंबून असल्याने त्यांच्या चुका एकत्र पडतात, हेही प्रबंधात लिहा.

वारणाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. लसीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, कार्डं मागवते आहे. नोरोबद्दलही विचारायचं होतं. त्याची एलायझा घेऊ का? आणि एन्टेरोव्हायरसही यादीत घालावेत, असं एका परीक्षकांनी सुचवलंय.

जेलवाले_काका

नोरोची एलायझा एकेका मुलासाठी नको. जनुकीय प्रकार इतके आहेत की प्रतिपिंडं सगळ्यांना पकडत नाहीत. लग्नाच्या जेवणातून किंवा वसतिगृहात साथ आली आणि एकाच साथीचे पाच-सहा नमुने मिळाले तरच ती उपयोगी. सुट्या रुग्णांसाठी रिअल-टाइम पीसीआर, ओआरएफ१ आणि ओआरएफ२ या जनुकसंचाच्या दोन भागांच्या सांध्यावर. तो भाग सगळ्यात कमी बदलतो. टायपिंगसाठी मात्र सांध्याच्या दोन्ही बाजू वाचा, पॉलीमरेज (प्रती काढणारं एन्झाइम) आणि कॅप्सिड (कवच). नोरो या सांध्यावर तुकडे अदलाबदल करतो, म्हणून जीआयआय.४[पी१६] असं दुहेरी नाव लिहायची पद्धत आहे. एकाच बाजूवरून नाव दिलं तर अर्धाच विषाणू ओळखला.

एन्टेरोव्हायरसचं प्रकरण वेगळं आहे. ५' यूटीआर (जनुकसंचाच्या सुरुवातीचा भाग) वरून सापडतात, पण त्यावरून प्रकार ठरत नाही, त्यासाठी व्हीपी१ हे कवचाचं जनुक वाचावं लागतं. पूर्वी पेशी वाढवून प्रतिसीरमच्या मिश्रणांनी उदासीन करून प्रकार ठरवायचे, आठवडे जायचे, आणि कॉक्सॅकी अ या एन्टेरोव्हायरसांचे कितीतरी प्रकार पेशींत वाढायचेच नाहीत. पण जुलाबाचं कारण म्हणून त्यांचा पुरावा कच्चा आहे. निरोगी मुलांचे नमुने नसताना ते यादीत घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडची मुलं पोलिओचा तोंडी डोसही घेतात, त्यामुळे सापडलेल्यांत लसीचे पोलिओ विषाणू असणारच. २५ एप्रिल २०१६ ला तोंडी लसीतून पोलिओचा टाइप २ काढला, त्याच्या आधीचे साठवलेले नमुने असतील तर त्यात टाइप २ सुद्धा असू शकतो. अशा नमुन्यांच्या साठवणीचे नियम कडक आहेत. पेशीसंवर्धन आपल्या प्रयोगशाळेत सुरू करण्याआधी जैवसुरक्षा समितीशी बोलाच.

आणि सिक्वेन्सिंगला पाठवताना नुसता आरएनए पाठवू नका. मूळ नमुन्याचा छोटा भागही सोबत द्या, म्हणजे तिकडे नव्याने आरएनए काढता येईल. आत्ताच प्रत्येक नमुना तीन-चार नळ्यांत वाटून उणे ८० ला ठेवा, नाहीतर प्रत्येक तपासणीला तीच नळी वितळते आणि पुन्हा गोठते. थंडीतले एलायझा-पॉझिटिव्ह आधी पाठवा, तान्ह्या बाळांचे कार्डं आल्यावर.