वेशभूषा स्पर्धा : ईराचं कानातलं

सुहास काका, सेक्रेटरी : नमस्कार मंडळी. गणेशोत्सवातली मुलांची वेशभूषा स्पर्धा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी 6 वाजता क्लब हाऊसमध्ये आहे. नावं रविवारपर्यंत द्यावीत. मागच्या वर्षी गर्दीत एका मुलीचं कानातलं हरवलं आणि मंडप आवरेपर्यंत सगळे शोधत बसलो. म्हणून यंदा मुलांना दागिने घालू नयेत ही विनंती.

मेघना, बी 304 : काका, ईराचं नाव घ्या. ती स्टार ट्रेक या अंतराळातल्या इंग्रजी मालिकेतली मेजर कीरा होणार आहे. पण तिला दागिन्यांच्या नियमातून सूट हवी आहे. एकच दागिना आहे, उजव्या कानातला. तो काढला तर मागे नुसता विटकरी युनिफॉर्म उरतो.

सुहास काका : मेघना, एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते गं. त्या मालिकेत छातीवर बिल्ला असतो ना, तो लाव. लगेच ओळखू येईल.

शिल्पा, बी 101 : हो, बाणाच्या टोकासारखा. आमच्या लहानपणी टीव्हीवर बघितलाय.

मेघना : तो स्टारफ्लीटचा, म्हणजे त्या मालिकेतल्या अंतराळ दलाचा बिल्ला. 1966 पासून आहे, आणि 1987 च्या मालिकेपासून त्यावर टिचकी मारून बोलतात. कीरा स्टारफ्लीटची नाही, बजोर ग्रहाची आहे. त्या ग्रहावर कार्डेशियन लोकांनी जवळपास 50 वर्षं कब्जा केला होता. घरं गेली, माणसं छावण्यांमध्ये गेली. एवढं होऊनही त्यांनी कानातलं सोडलं नाही.

त्याची घडण बघा. कानाच्या वरच्या कडेला, आपण बुगडी घालतो तिथे, एक तुकडा. खाली पाळीला कुडीच्या जागी दुसरा. मधे बारीक साखळी. बिल्ला नोकरीत रुजू झाल्यावर मिळतो, हे घरातून येतं. त्यातून माणसाची श्रद्धा कळते, घराणं कळतं. 1993 च्या एका भागात शत्रूच्या छावणीतून चोरून बाहेर आलेलं एक कानातलं कीराच्या हातात पडतं. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. त्यावरून तिला कळतं की हे आपल्या ली नालासचं, बजोरच्या लढ्यातल्या नामांकित वीराचं आहे, म्हणजे तो जिवंत असणार. आणि त्याला सोडवायला निघते. ईराने हा भाग माझ्याबरोबर तीनदा पाहिलाय.

ओंकार, ए 102 : ताई, रो लारेनचं पण सांगा ना.

मेघना : तूच सांग, तुझी ती आवडती.

ओंकार : रो पण बजोरची, पण स्टारफ्लीटमध्ये नोकरीला. 1991 मध्ये पहिल्यांदा आली. जहाजावर पाऊल ठेवल्या ठेवल्या वरिष्ठ अधिकारी तिला सांगतो, कानातलं काढ, युनिफॉर्मचा नियम आहे. ती काढते.

सुहास काका : मग बरोबरच आहे की. नियम तो नियम.

ओंकार : काका, त्याच जहाजावर वर्फ आहे, क्लिंगॉन नावाच्या परग्रहावरच्या लढवय्या जमातीचा. तो खांद्यावरून तिरका पट्टा घालून रोज ड्युटीवर उभा असतो, त्याला कुणी हटकत नाही. पहिल्या सीझनमधला त्याचा पट्टा तर 1967 मधल्या एका क्लिंगॉनच्या पोशाखातलाच वापरलाय.

अमेय, सी 403 : वर्फवर सगळ्यांचा विश्वास होता. रो तुरुंगातून आलेली, ती कुणालाच नको होती. म्हणून नियम तिच्यापुरता आठवला. त्या भागाच्या शेवटी कॅप्टन पिकार्ड तिला जहाजावर ठेवून घेतो, तेव्हा कुठे कानातलं घालायची परवानगी मिळते.

ओंकार : माझ्या कानात भिकबाळी आहे, सगळ्यांनी पाहिलीये. उजव्या कानात, वरच्या बाजूला. ढोल पथकात आलो त्या वर्षी आजोबांनी स्वतः घेऊन दिली होती. पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी काढायला लावली. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांच्या बोटात तीन अंगठ्या होत्या. मी काढली, खिशात ठेवली, आणि दिवसभर हात खिशातच जात होता. संध्याकाळी घालताना आजोबा बघत होते. मला त्यांच्याकडे वर बघवेना. रोचा तो भाग मी त्यानंतर पाहिला, आणि ती काढतानाचा तिचा चेहरा मला आधीपासून माहीत होता.

शिल्पा : ओंकार, हे तू कधी बोलला नाहीस रे.

अमेय : 1994 नंतर रो थेट 2023 मध्ये परत आली. मरायच्या आधी तेच कानातलं पिकार्डच्या हातात देऊन जाते. त्या कानातल्याच्या आत तिने स्टारफ्लीटमधल्या कटाबद्दल गोळा केलेली सगळी माहिती असते. काढायला लावलेल्याच वस्तूतून सगळ्यांचा जीव वाचवण्याचा रस्ता निघतो. मी तेव्हा रडलो होतो.

सुहास काका : मेघना, हे कानातलं सोन्याचं आहे का?

मेघना : नाही हो काका. तुळशीबागेतून दोन क्लिपा आणल्या आणि जुन्या पैंजणाची साखळी जोडली. वरचा कान टोचलेला नाही, म्हणून क्लिप. सगळं मिळून शंभर रुपयांच्या आतलं.

सुहास काका : मग असं करू. माझा नियम हरवण्याच्या भीतीने होता, तेवढाच ठेवतो. सोन्याचांदीचं काही नको. जे पात्राचं आहे ते घालू दे, सगळ्याच मुलांना. सुधारित सूचना टाकतो. आणि ओंकार, मिरवणुकीत झेंडा तू धर. भिकबाळी घालून.

ओंकार : हो काका.

वसुधा आजी, सी 201 : मेघना, नुसती क्लिप मुलींच्या कानावर टिकत नाही, नाचताना पडते. आम्ही वेल केसात अडकवायचो, म्हणजे कानावर भार येत नाही. साखळीला मागून काळा दोरा बांध आणि केसात आकड्याने खोच, दिसणार नाही. ईराला उद्या शाळेतून आल्यावर पाठव, मी बांधून देते. येताना क्लिपा घेऊन ये म्हणावं, दोन्ही.